साडेचारशे ग्रॅमचं छप्पर

आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा हल्ली स्वयंपाकघरात नसतो. हिला केकसाठी मैदा मोजायचा असला की आधी माझं ट्रेकचं खोकं उपसावं लागतं. काटा सापडला तरी त्याच्यावर काहीतरी विसावलेलं असतं. कधी टॉर्च, कधी एकच पायमोजा, कधी अर्धा कापलेला टूथब्रश. कारण मला हलकं व्हायचं आहे. म्हणजे मला नव्हे, माझ्या पाठपिशवीला.

"हा काटा पाच किलोच्या पुढे मोजत नाही," ही म्हणाली, "नाहीतर अडचण नेमकी कुठे आहे ते आत्ता दाखवलं असतं."

अडचण तंबूत होती. दुकानातून आणलेला आमचा दोन माणसांचा तंबू दोन किलो आठशे ग्रॅम भरतो. त्यात दोन माणसं मावतात म्हणे. ती कुठल्या इयत्तेतली, हे पिशवीवर छापलेलं नाही. एवढं ओझं घेऊन गड चढताना माझी जी अवस्था होते, तिचं कारण तंबू आहे, वय नाही आणि बटाटेवडे तर नाहीतच, अशी माझी पक्की खात्री झाली.

आणि मग कळलं की जगात स्वतःचं छप्पर स्वतः शिवून डोंगरात जाणारी माणसं आहेत. त्यातला थोर पुरुष म्हणजे रे जार्डिन हा अमेरिकन. आधी अवकाशयानांच्या क्षेत्रात नोकरी, मग कडे चढण्याचा नाद. कपारीत अडकवायचं 'फ्रेंड' नावाचं उपकरण शोधून काढलं ते यानेच. पुढे बायकोला घेऊन हा मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालला. अंतर चार हजार किलोमीटरच्या वर. पाठपिशवीपासून छपरापर्यंतच्या वस्तू घरी शिवायच्या, हा त्याचा धर्म. मी हे सगळं हिला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी एमा गेटवुडची गोष्टही सांगितली. ही बाई अकरा मुलं वाढवून झाल्यावर, वयाच्या 67 व्या वर्षी, 1955 साली अख्खी ॲपलाचियन ट्रेल एकटी चालून गेली. तीन हजार किलोमीटरहून जास्त. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा.

ही गोष्ट सांगायला नको होती.

"अकरा मुलं वाढवल्यावर कुठल्याही बाईला तीन हजार किलोमीटर लांब जावंसं वाटेल," ही म्हणाली. "पण पडदा नेला ना तिने? आपल्याही बाथरूमला आहे. घेऊन जा. शिवायचं काय त्यात?"

बायकांना शास्त्र समजावून सांगणं अवघड असतं. मी कापड घ्यायला रविवार पेठेत गेलो.

लागतं ते रिपस्टॉप नायलॉन. त्यात बारीक चौकटी विणलेल्या असतात, म्हणजे कुठे फाटलंच तर चीर पुढे धावत नाही. वर सिलिकॉनचा लेप. चौरस मीटरला पंचेचाळीस ग्रॅम. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद असं छप्पर धरलं तर चारशे ग्रॅमच्या आसपास कापड, वर दोऱ्या वगैरे धरून साडेचारशे. हा हिशेब मी वहीच्या पहिल्याच पानावर चौकटीत लिहून ठेवला होता. दुकानदाराने छत्रीचं कापड दाखवलं, रेनकोटचं दाखवलं, स्कूटरच्या कव्हरचंही दाखवलं. मी प्रत्येकाचा तुकडा मागून, खिशातून आणलेल्या काट्यावर ठेवून पाहत होतो.

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "सराफ सोन्या मारुतीपाशी बसतात."

शेवटी कापड कुरिअरने मागवलं. त्याची किंमत आणि कुरिअरचा खर्च मिळून जो आकडा झाला, त्यात दुकानातला आणखी एक तंबू आला असता. हे घरात कुणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी बिल माझ्या परवानगीशिवाय उघडलं होतं.

कापडाचा पन्हा दीड मीटरचा. म्हणजे दोन पट्टे मधोमध जोडायचे आणि ती जोडशिवण हाच छपराचा कणा. पण हा कणा सरळ कापायचा नसतो. सरळ कापला तर ताणल्यावर कडांना सुरकुत्या पडतात आणि वारा आला की कापड फडफडतं. म्हणून दोन टोकांना धरलेली साखळी जशी आपल्या वजनाने लोंबते, तशी हलकी बाकदार रेषा कापायची. तीन मीटरला सात-आठ सेंटिमीटर झोळ. ही रेषा आखायची सोपी युक्ती म्हणजे खरोखरच भिंतीवर साखळी लटकवायची आणि पेन्सिल फिरवायची.

घरात तीन मीटरची साखळी नव्हती. हिच्या गळ्यातल्या साखळीकडे मी नुसतं पाहिलं, तर ही उठून आतल्या खोलीत गेली. शेजारच्या काकांच्या कुत्र्याची साखळी मात्र लांबलचक होती. काका गणिताचे निवृत्त प्राध्यापक. साखळी कशासाठी हवी ते कळल्यावर ते कुत्र्याला मोकळं सोडून साखळीमागोमाग स्वतःच आले.

"या रेषेने गॅलिलिओला चकवलंय बरं का," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "त्याला वाटलं, ही पॅराबोलाच्याच जवळची. अखेर 1691 मध्ये ह्युजेन्स, लाइबनिट्स आणि योहान बर्नोली, तिघांनीही आपापल्या वाटेने खरं उत्तर काढलं."

"कशासाठी?" आईने विचारलं.

"छपराला झोळ पडू नये म्हणून," मी म्हणालो, "आधीच झोळ कापून ठेवायचा."

"आम्हाला शिवणाच्या क्लासात झोळ आला तर बाई उसवायला लावायच्या," आई म्हणाली. काकांनी बर्नोली बंधूंच्या भांडणाला हात घातला. तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याने वॉचमनला त्याच्याच केबिनच्या छपरावर चढवलं होतं. काका "चावत नाही, चावत नाही" असं जिन्यातून ओरडत उतरले आणि आमच्या भिंतीवर सतराव्या शतकातली एक पेन्सिलरेषा राहून गेली. ती अजून आहे. पाहुण्यांना मी ती मुद्दाम दाखवतो. रंगारी पुसायला निघाला होता, त्याला अडवलं.

आता शिवण. आईची मशीन म्हणजे काळी पायमशीन, तिच्या लग्नातली, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. मी रुबाबात बसलो, पाय मारला आणि चाक उलटं फिरलं. मग सुलटं फिरलं, तेव्हा टाके सुटायला लागले. दोन बोटं शिलाई, चार बोटं नुसती भोकं. म्हणून कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेलो. मास्तर गळ्यात टेप, तोंडात पान अशा अवस्थेत एका ब्लाउजच्या बाहीत गुंतले होते.

"सुई कितीची लावली?"

"जी होती ती."

"सोळाची असेल. अकराची लावा. बारीक कापडाला बारीक सुई. दोरा सुती नको, पॉलिस्टर घ्या. सुती पाणी पितो आणि कुजतो." एवढं सांगून त्यांनी विचारलं, "पण शिवताय काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव पाहून मला माझा हुकमी पत्ता काढावा लागला. "मास्तर, हौसेखातर तंबू ठोकून राहायचा छंद रुजवला कुणी माहीत आहे? टॉमस हायरम होल्डिंग. लंडनचा शिंपी! 1901 मध्ये सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांचा क्लब काढला, 1908 मध्ये पुस्तक लिहिलं. हलके तंबू स्वतः बेतायचा. तुमचाच माणूस!"

मास्तरांनी पान गालात सरकवलं. "मग त्याच्याचकडे टाकायचं ना शिवायला."

मशीनवर शेवटी आई बसली. यावरून नातेवाइकांत गैरसमज आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो: छप्पर मीच शिवलं, मशीन तेवढी आई चालवत होती. मी तिला आकृती काढून शिवण समजावली. दोन्ही काठ एकमेकांत अडकवायचे, घडी पालथी घालायची, वरून दोन समांतर शिलाया मारायच्या, म्हणजे पाणी आत शिरायला वाट राहत नाही. आईने आकृती उलटसुलट करून पाहिली, मग माझ्या शर्टाची बगल ओढून दाखवली.

"ही का?"

"हो, अशीच. पण तांत्रिक भाषेत..."

"तुझ्या शाळेच्या चड्ड्यांना मी हीच मारायचे. घसरगुंडीवर उसवून यायचास म्हणून."

सिलिकॉनचं कापड हाताळणं म्हणजे अंगाला तेल चोपडलेलं तान्हं बाळ धरण्याचा प्रकार. टेबलावर ठेवा, आपण होऊन खाली उतरतं. घडी घाला, पाठ फिरली की उलगडतं. उरेब धरलं तर लांब होतं आणि सोडल्यावर पूर्वीचं माप ओळख देत नाही. टाचण्या चालत नाहीत, कारण टाचणीचं भोक कायम राहतं आणि पावसाला तेवढं पुरतं. म्हणून घरातले झाडून सगळे कपड्यांचे चिमटे लागले. ते संपल्यावर लेकीचे केसांचे चाप. ती कॉलेजला केस मोकळे सोडून गेली आणि संध्याकाळी म्हणाली, "बाबा, सगळे विचारत होते ब्रेकअप झाला का."

कण्याची शिवण तीन मीटरची. मशीन हॉलमध्ये. कापडाचं एक टोक आईच्या मांडीवर, मधला भाग लेकीच्या दोन्ही हातांवर, दुसरं टोक घेऊन ही पॅसेजमधून स्वयंपाकघराच्या दारात. मी मध्यभागी, सूचना देत. तर खालचे दाते खालचा पदर इमानेइतबारे पुढे ढकलतात आणि वरचा पदर मागे रेंगाळतो. वीतभर शिवून होईपर्यंत कळत नाही. हातभर गेल्यावर वरचा काठ दोन बोटं जास्त उरलेला दिसतो.

"मागून ओढ," आई म्हणाली.

"पुढून सोड," मी म्हणालो.

"दूध!" ही म्हणाली.

"कापड सोडायचं नाही!" मी ओरडलो, कारण शिवण ऐन मध्यावर आली होती. दूध आपल्या वेगाने वर आलं, उतू गेलं, गॅस विझला. त्याच सुमारास इस्त्रीवाल्याने बेल वाजवली आणि कुणीच दार उघडेना म्हणून वाजवतच राहिला. गॅसचा वास आल्यावर मात्र हिने टोक सोडलं. सुटलेलं कापड तीन मीटरवरून सरसरत आलं आणि आईच्या पायाबरोबर पावटीत शिरलं.

उसवून पुन्हा. या वेळी आईने माझी वही बाजूला सारली, रद्दीतल्या वर्तमानपत्राची लांब पट्टी कापली आणि कापडाखाली घालून त्याच्यासकट शिवत गेली. कागदाला दाते धरतात, कापड घसरत नाही. शिवून झाल्यावर कागद फाडून काढायचा. युक्ती नामी. फक्त कागद सगळीकडून निघाला नाही. आमच्या छपराच्या आतल्या बाजूला, बरोबर झोपणाऱ्याच्या नाकावर, 'गुरुवारी पाणी नाही' एवढं अजून वाचता येतं.

कोपऱ्यांना दोरी बांधायचे फासे हवेत. मी त्यासाठी बाहेरून खास फीत मागवणार होतो, तर आईने परकराची उरलेली नाडी काढली. मी म्हणालो, सुती नाडी पाणी पिते, तिच्यावर वाऱ्याचा किती भार येणार त्याचा हिशेब केलाय का?

"तीस वर्षं याच नाडीवर साडी नेसून बँकेत गेले," आई म्हणाली. "लोकलमध्येसुद्धा."

विषय संपला. कोपऱ्यांत जुन्या छत्रीच्या कापडाची दुहेरी ठिगळं बसवून नाडी शिवली गेली.

राहिली शिवणींतली सुईची भोकं. ती बुजवायला हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचं आणि शिवणींवर ब्रशने फिरवायचं. वाटी हिची, ब्रश मेंदीचा. गच्चीवर दोरी बांधून छप्पर पसरलं आणि सकाळभर रंगवत बसलो. मे महिना. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तिथेच कुरडया वाळत घातलेल्या. आधी त्यांनी विचारलं, मुंज आहे का. मग टर्पेंटाइनचा वास कुरडयांना लागतोय म्हणून तक्रार केली. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि ओलं छप्पर थेट कुरडयांवर जाऊन बसलं. दोन कुरडया उत्तरेकडच्या शिवणीला कायमच्या चिकटल्या. ओढून काढल्या असत्या तर सिलिकॉन उचकटलं असतं. पुढे चिकटपणा जावा म्हणून वरून टाल्कम पावडर भुरभुरली. तेव्हापासून आमच्या छपराला चंदनाचा आणि किंचित जिऱ्याचा वास येतो.

तयार छप्पर काट्यावर ठेवलं. सहाशे चाळीस ग्रॅम. ठिगळं, नाडी, सिलिकॉन, कुरडया हे सगळं धरून ते रास्तच होतं. पण छपराला जमीन नसते, म्हणून खाली अंथरायला प्लॅस्टिक घेतलं. भिंती नसतात, म्हणून मच्छरदाणी. उभं करायला दोन बांबू. खुंट्या, दोऱ्या, या सगळ्याला एक पिशवी. एकूण दोन किलो सातशे तीस.

"म्हणजे सत्तर ग्रॅम वाचले!" मी म्हणालो.

"सत्तर ग्रॅम म्हणजे एक लाडू," ही म्हणाली. निघण्याआधी मी दोन खाल्ले होते, हे तिने मोजलं होतं.

राजमाचीला गेलो. लोणावळ्याहून पंधराएक किलोमीटरची चाल. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उढेवाडी आहे. वळवाचे दिवस, काजवे नुकते दिसायला लागलेले. सोबत माझा जुना ट्रेकमित्र. त्याने विश्वासाने स्वतःचा तंबू घरी ठेवला होता. गावातल्या मामांकडे जेवणाचं सांगितलं आणि त्यांच्याच घरामागच्या मोकळ्या खाचरात छप्पर उभं करायला घेतलं. दोन बांबू, सहा खुंट्या, चारही बाजूंनी ताण. कणा असा सुरेख बाकदार बसला की बर्नोलीने पाठ थोपटली असती. मामा चूल सोडून बघायला आले.

"सायेब, ह्ये काय वाळत घातलंय?"

मी समजावून सांगितलं. मामांनी बोटांत कापड चोळून पाहिलं, कुरडई चाचपली, काही बोलले नाहीत. पलीकडे त्यांच्या गवताच्या गंजीवर निळी ताडपत्री होती, काथ्याने आवळलेली आणि कडेने धोंडे टांगलेली.

मध्यरात्री छपराखाली टपटप सुरू झाली. बाहेर आभाळ कोरडं. लेप दिलेल्या कापडातून हवा जात नाही, त्यामुळे आपल्याच श्वासाची वाफ वर थंड होते आणि थेंब बनून खाली येते, हे मी मित्राला अंधारात समजावून सांगितलं.

"मग तू श्वास कमी घे," तो म्हणाला.

मग खरा पाऊस आला. नायलॉन ओलं झालं की सैलावतं. मी उठून दोऱ्या ताणल्या. पुन्हा सैलावलं, पुन्हा उठलो. चड्डीवर, डोक्याला टॉर्च लावून मी छपराभोवती प्रदक्षिणा घालतोय, आतून मित्र "तुझी खुंटी माझ्या उशाशी आली" असं सांगतोय, आणि तेवढ्यात दरीतून वारा उठला. फडाड असा एक आवाज झाला आणि टॉर्चच्या झोतात फक्त पाऊस उरला. मित्र मच्छरदाणीत गुंडाळलेला, उघड्यावर, चष्मा शोधत होता.

"सायेब, या वसरीवर," मामा दारातून म्हणाले. ते जागेच होते. मला वाटतं, त्यांनी मामींनाही उठवून ठेवलं होतं.

सकाळी छप्पर जांभळीच्या शेंड्यावर सापडलं. मामांच्या नातवाने चढून काढलं. मी इंच इंच तपासलं. एक शिवण उसवली नव्हती, एक नाडी तुटली नव्हती, दोन्ही कुरडया जागच्या जागी. खुंट्या तेवढ्या उपटल्या होत्या आणि त्या दुकानातून आणलेल्या होत्या. घरी शिवलेल्या भागाने कुठेही दगा दिला नाही, हे मी मित्राला नीट समजावून सांगितलं. तो मोजे पिळत होता.

"वजन किती म्हनायचं ह्याचं?" मामांनी विचारलं.

"कापड साडेचारशे ग्रॅम." मी अभिमानाने म्हणालो.

"म्हंजे उडनारच की." मामांनी निळ्या ताडपत्रीकडे पाहिलं. तिच्यावरचा एक धोंडाही हलला नव्हता. "आमच्या म्हाताऱ्याचं इरलं व्हतं. पाठीला घट बसायचं. आत मानूस असल्याबिगर उडत नसतंय."

मामींना मात्र कापड फार आवडलं. पावसात चुलीची लाकडं झाकायला असलं एक शिवून द्याल का, असं त्यांनी विचारलं. घरी आल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही कुरडयांचं मनावर न घेता स्कूटरच्या कव्हरचं माप आणून दिलं. काकांना कुत्र्यासाठी रेनकोट हवा आहे, शेपटीपाशी बर्नोलीची रेषा देऊन. ही सगळी मागणी आईकडे येते, कारण लोकांचा गैरसमज अजून गेलेला नाही.

मी स्वतः आता पाठपिशवी शिवायला घेणार आहे. सध्याची दीड किलोची आहे, घरी शिवली तर चारशे ग्रॅममध्ये बसेल, आणि चौकटीतला हिशेब तयार आहे. अडचण एवढीच की परवापासून मशीनचा चामडी पट्टा सापडत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, हिला विचार. हिला विचारलं तर ही म्हणते, लेकीला विचार. लेक केसांना चाप लावून कॉलेजला गेलेली असते. हरकत नाही. पट्टा म्हणजे काय, चामड्याची एक वादी आणि तारेची एक कडी. घरी करता येण्यासारखा आहे. शिवाय जुना पट्टा मला पहिल्यापासूनच जरा जड वाटत होता.